"हेल्मेट होतं का?" – "हो." या 'हो'चं काय करायचं?

मागच्या जुलैत पळस्पे फाट्याच्या थोडं अलीकडे माझी गाडी घसरली. वेग फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. पावसाने वर आलेली खडी, पुढच्या टेम्पोने अचानक मारलेला ब्रेक, आणि मी डाव्या कुशीवर आडवा. डोकं रस्त्याला लागायच्या आधीच हेल्मेट निघालं होतं. ते पुढे गडगडत जाताना मी स्वतः पाहिलं. घर पंधरा मिनिटांवर, मग पट्टा कशाला लावायचा, असा माझा हिशोब होता. कानाच्या वर सात टाके पडले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होते. नाव, वय, गाडीवर पुढे होतात की मागे, दारू प्यायला होतात का, आणि मग: "हेल्मेट होतं का?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी 'होय'च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

खोटं काही बोललो नव्हतो. हेल्मेट होतंच. पण दोन दिवसांनी, डोक्याला पट्टी बांधून घरी पडलेलो असताना, एकदम लक्षात आलं की आता मी कुठल्या तरी तक्त्यातली एक ओळ झालोय: 'हेल्मेट: होय. डोक्याला इजा: होय.' उद्या कुणी संशोधक त्या तक्त्यावरून हेल्मेट किती उपयोगी ते काढायला बसला, तर माझी ओळ हेल्मेटच्या विरोधात साक्ष देणार. आणि ज्याने माझ्यासारखाच त्या खडीवरून घसरून, पट्टा लावलेला असल्यामुळे, कपडे झटकून घर गाठलं असेल, त्याची ओळ त्या तक्त्यात नसणारच. तो दवाखान्यात आलाच नाही ना.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या तयारीत आहेत. काहींची सिनॉप्सिस गाईडच्या टेबलावर पडून आहे. मला हमखास येणारा प्रश्न असतो, "दादा, डेटा कुठून मिळवायचा?" यावेळी त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ या. मिळालेल्या डेटातल्या एका रकान्यात नेमकं काय भरलंय, हे ओळखायचं कसं? माझा पीएचडीचा विषय सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीतला आहे, त्यामुळे या प्रश्नाशी रोजची झटापट असते. उदाहरण मात्र घरचंच घेतोय: नवीन हेल्मेटची खरेदी. ते मला घ्यायचंच होतं.

एका 'होय'मध्ये किती जण मावतात

कळंबोलीच्या सिग्नलला कधी पाच मिनिटं उभे राहून बघा. 'हेल्मेट आहे' या एका उत्तरात कोण कोण येतं? डोक्यावर घालून पट्टा नीट लावलेला. डोक्यावर घातलेलं पण पट्टा वाऱ्यावर उडणारा. पट्टा लावलाय, पण हेल्मेट दोन साईज मोठं, म्हणजे मान वळवली की माणूस वळतो आणि हेल्मेट तिथेच. बांधकामावरची पिवळी टोपी. रस्त्याकडेला घेतलेली, पोलिसाला दाखवण्यापुरती पातळ वाटी. आणि आपला सगळ्यात लाडका प्रकार, कोपराला अडकवलेलं.

मी एकदा हौसेने मोजायला उभा राहिलो होतो. दहा मिनिटांत कळलं की मी उभा होतो त्या बाजूने पट्टा दिसतच नाही. दिसायचं ते फक्त 'डोक्यावर काहीतरी आहे' एवढंच. म्हणजे माझी व्याख्या पुस्तकातून आलेली नव्हती, मी कुठे उभा होतो त्यावरून ठरलेली होती. पोलिसाची व्याख्या वेगळी, कारण तो चलन फाडायला बघतो. डॉक्टरची वेगळी, कारण तो रुग्णाने सांगितलेलं लिहितो. आणि रुग्ण सांगताना विम्याचा, घरच्यांचा, स्वतःच्या अब्रूचा विचार करतो. तिघेही 'होय'च लिहितात.

कायद्याची व्याख्या तुलनेने काटेकोर आहे, हे गमतीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट कसं असावं हेही आहे आणि ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं हेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागू आहे, मागे बसणाऱ्यालाही. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. न घातल्यास कलम १९४ड खाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. म्हणजे पळस्प्याला त्या संध्याकाळी कायद्याच्या दृष्टीने मी विनाहेल्मेट होतो. दवाखान्याच्या फॉर्मच्या दृष्टीने हेल्मेटसह.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'मोबाईलचा वापर: होय/नाही', 'शेतकरी: होय/नाही', 'शिकवणीला जातो: होय/नाही' असा एखादा रकाना नक्की असणार. पेन घ्या आणि त्या 'होय'मध्ये कोण कोण बसू शकेल याची यादी करा. यादी चारच्या पुढे गेली, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

मग हेल्मेटचा उपयोग होतो हे कळलं कसं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट मला फार आवडते.

१९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्याला मार. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे युद्ध सुरू झालं, लष्करात निरोप्ये मोटरसायकली पळवू लागले, आणि केर्न्सनी नोंदी जमवायला सुरुवात केली. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार रस्त्यावर मेले होते. आणि हेल्मेट घालून अपघात झालेले किती जण त्यांना तपासायला मिळाले? सात. सातही जण वाचले होते.

सात! आज तुम्ही गाईडकडे सात जणांचा नमुना घेऊन गेलात तर काय ऐकावं लागेल, ते मी सांगायला नको. पण केर्न्सनी त्या सातांवरून टक्केवारी काढून टाळ्या मिळवल्या नाहीत. इजा कशा प्रकारची होती, हेल्मेटवर मार कुठे बसला होता, याचं बारकाईने वर्णन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लष्कराने ड्यूटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. मग केर्न्सनी पाच वर्षं वाट पाहिली आणि १९४६ मध्ये महिन्यामहिन्याच्या मृत्यूंचे आकडे घेऊन दुसरा लेख लिहिला. मृत्यू कमी झाले होते.

आता तुमची बारी. या निष्कर्षावर शंका काढा बघू.

पहिली शंका: त्या काळात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग होतं, आणि १९४२ मध्ये खासगी वापरासाठी मिळणारा नेहमीचा कोटाही बंद झाला. गाड्याच कमी फिरल्या, तर मृत्यू कमी होणारच. दुसरी शंका जास्त खोल आहे आणि आपल्या सगळ्यांच्या विषयांत येते. हेल्मेट घालणारा माणूस मुळातच सावध असतो. तो हळू चालवतो, पिऊन चालवत नाही, रात्री कमी बाहेर पडतो. मग तो वाचला तो हेल्मेटमुळे की स्वभावामुळे? याला आपण कन्फाउंडर म्हणतो. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, 'श्रेय भलत्यालाच जाणं' एवढं लक्षात ठेवा.

औषधाच्या बाबतीत यावर सोपा उपाय असतो: चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध, निम्म्यांना साखरेची गोळी. हेल्मेटबाबत हे करता येणार नाही. निम्म्या लोकांना "तुम्ही उघड्या डोक्याने आपटा" असं कुठली नैतिकता समिती सांगेल?

मग काय केलं असेल? वाचणं थांबवून एक मिनिट विचार करा. उत्तर तुम्ही सायन-पनवेल हायवेवर रोज बघता.

एकाच गाडीवर दोघं बसलेले असतात. एकाने हेल्मेट घातलंय, दुसऱ्याने नाही. अपघात एकच, वेग एकच, रस्ता, पाऊस, रात्र, चालवणाऱ्याचा स्वभाव, सगळं दोघांना समान. फरक दोन: कोण पुढे-मागे बसलंय, आणि कुणाच्या डोक्यावर काय आहे. पुढे-मागेचा फरकही काढून टाकता येतो, कारण पुढच्याने घातलंय आणि मागच्याने नाही अशा जोड्या असतात, तशा उलट्याही असतात. लिओनार्ड इव्हान्स आणि मायकेल फ्रिक यांनी १९८८ मध्ये अमेरिकेच्या मृत्यूंच्या नोंदी अशा जोड्या लावून तपासल्या. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते, असं निघालं. २००२ मध्ये नॉर्व्हेल आणि कमिंग्ज यांनी जास्त वर्षांच्या नोंदी घेऊन, वय आणि बसण्याची जागा हिशोबात धरून पुन्हा केलं. उत्तर आलं ३९ टक्के. २००८ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने जगभरातले ६१ अभ्यास एकत्र तपासले. मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी कमी.

"दादा, मग खरा आकडा कुठला?" हा प्रश्न मला वर्कशॉपमध्ये दर वेळी येतो. २८, ३९ आणि ४२ हे वेगवेगळ्या हेल्मेटांचे, वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या रीतीने केलेले अंदाज आहेत. पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतायत, आणि रीत बदलली तरी दिशा बदलत नाही. आणि प्रत्येक तक्त्यात माझ्यासारखे पट्टा न लावलेले 'होय'वाले थोडेफार घुसलेले असणार, त्यामुळे नीट बांधलेल्या हेल्मेटचा खरा उपयोग या आकड्यांपेक्षा कमी नाही, थोडा जास्तच असावा, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणतोय, निष्कर्ष नाही. प्रबंधात हे दोन शब्द अदलाबदल केले तर व्हायवाला पकडतात.

हेल्मेटविरोधी लोकांची बाजूही अशीच तपासायची. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने मोर्चे काढले होते. त्याआधी २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असं जाहीर केलं, त्यावरही गदारोळ झाला. विरोधातला नेहमीचा मुद्दा: हेल्मेटने मान मोडते. हसून सोडून देऊ नका, हा तपासता येण्यासारखा दावा आहे, आणि तपासलाही गेलाय. कॉक्रेनच्या त्याच आढाव्याने मानेच्या इजेबद्दल म्हटलं की ठोस सांगण्याइतका पुरावा नाही. याचा अर्थ 'मान मोडते' असा नाही आणि 'मानेला काही होत नाही हे सिद्ध झालं' असाही नाही. पुरावा नसणं आणि परिणाम नसणं यांतला फरक पुण्यातल्या मोर्चात कुणी ऐकून घेणार नाही, पण तुमच्या प्रबंधात तो दिसायलाच हवा.

जाता जाता एक मजा. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट नसल्यास जागेवर दंड सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत मोटरसायकल चोऱ्या धडाधड खाली आल्या. कारण, सहज दिसली म्हणून गाडी उचलणाऱ्या चोराकडे हेल्मेट नसायचं आणि तो लगेच नजरेत यायचा. गुन्हेशास्त्रातला हा प्रसिद्ध दाखला आहे. रस्तासुरक्षेच्या कायद्याचं फळ चोरीच्या नोंदींत सापडलं.

दुकानात

टाके काढल्यावर मी पनवेलच्या बाजारात हेल्मेट बघायला गेलो. दुकानाचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही दुकानात होतं.

दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "एल लागेल तुम्हाला." मी म्हटलं, मोजू या. टेप भुवयांच्या थोडं वर, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून गोल फिरवायची. पहिल्यांदा आलं ५७. मी पुन्हा मोजलं, ५८. तिसऱ्यांदा साडेसत्तावन्न. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तुम्हाला हे ओळखीचं वाटायला हवं: एकच डोकं, एकच टेप, एकच मोजणारा, आणि तीन उत्तरं. प्रयोगशाळेत एकदाच मोजून 'मूल्य = ५७' लिहिणारे आपण काय करत असतो, याचा विचार करा. साडेसत्तावन्न धरलं तर तक्त्याप्रमाणे ५८ चं, म्हणजे एम. एल नव्हेच.

एम घातलं. कपाळावर मध्यभागी टोचत होतं आणि कानाच्या वर दोन्हीकडे बोट जाईल इतकी जागा. त्याच मापाचं दुसऱ्या कंपनीचं घातलं, तर ते सगळीकडून सारखं बसलं. कारण टेप मोजते घेर, आणि हेल्मेट बसतं आकारावर. काहींचं डोकं पुढून मागे लांबट असतं, काहींचं वाटोळं. घेर दोघांचा एकच येऊ शकतो. तीनदा मोजून माझं मोजमाप विश्वासार्ह झालं होतं, पण मला जे मोजायचं होतं ते मी मोजतच नव्हतो. रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी यांतला फरक नेटच्या पेपरला दरवर्षी पाठ करतात. मला तो कपाळावर टोचल्यावर कळला.

"थोडं टाइट वाटतंय ना? मोठं घ्या, आरामात बसेल," दुकानदार म्हणाला. बहुतेक सगळे इथेच फसतात. नवीन हेल्मेट गालांवर दाबलं गेलंच पाहिजे, बोलताना गाल दातांत येतील असं वाटलं तरी चालतं. गालाची गादी वापराने दबते, सैल होते. आज आरामात बसणारं हेल्मेट चार महिन्यांनी हलतं. एकाच ठिकाणी टोचत असेल तर मात्र ते तुमच्या आकाराचं नाही, सोडून द्या.

मग खरी चाचणी. पट्टा लावा, इतका की हनुवटीखाली दोन बोटं कशीबशी जातील. आता दोन्ही हात मागे नेऊन हेल्मेटची मागची खालची कड पकडा आणि वर-पुढे ढकला, जणू ते डोक्यावरून पुढे उलटवून काढायचंय. डोळ्यांवर येऊन निघायला लागलं, तर पट्टा लावूनही ते हेल्मेट अपघातात तुमच्यासोबत राहणार नाही. पहिलं, टोचणारं हेल्मेट या चाचणीत जवळजवळ निघालंच. त्या क्षणी पळस्प्याच्या रस्त्यावर गडगडत जाणारी माझी जुनी पांढरी टोपडी आठवली आणि पोटात कसंतरी झालं. दुकानदाराला वाटलं किंमत ऐकून माझा चेहरा उतरला.

आत काय असतं तेही विचारून घ्या. मी विचारलं, तर तो म्हणाला, "थर्माकोल, दुसरं काय!" अगदी बरोबर. बाहेरचं कवच कडक, आत दाट थर्माकोल, आणि जीव वाचवण्याचं मुख्य काम तोच करतो. हिशोब बघा. युरोपच्या २२.०५ या मानकात हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ऐरणीवर पाडायचे. उघडं डोकं समजा ३ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर थांबवणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या साडेनऊशे पट येतो. थर्माकोल दबत दबत ते ३ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर पंचाण्णव पट. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, अकरावीचं सूत्र आहे, स्वतः करून बघा. थांबायचं अंतर दहापट वाढवणं, एवढंच हेल्मेट करतं. त्यासाठी थर्माकोल चिरडला जातो, आणि चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बाद. माझं तर रिकामंच आपटलं होतं, पण ते मोठंही होतं, त्यामुळे त्याच्यावर जीव लावायचं कारण नव्हतं.

साडेसात मीटर म्हणजे ताशी २७ किलोमीटर. "आणि आपण तर साठने जातो की!" बरोबर. पण बहुतेक वेळा डोकं साठच्या वेगाने कशावर धडकत नाही. गाडी पुढे घसरत जाते, डोकं वरून खाली पडतं, आणि २७ चा वेग म्हणजे जवळजवळ २.९ मीटर उंचीवरून पडणं. समोर खांब किंवा ट्रक आला तर गोष्ट वेगळी. तिथे कुठलंच हेल्मेट हमी देत नाही. मानक म्हणजे कुणीतरी ठरवलेला एक विशिष्ट प्रश्न. तो प्रश्नही बदलतो: नव्या २२.०६ मानकात वेगवेगळे वेग आले, आणि डोकं तिरपं आपटल्यावर गरकन फिरतं त्याचीही चाचणी आली.

आपल्याकडचं मानक आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून त्याची आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. रस्त्याकडेला ती खूणही स्टिकरवर छापून मिळते, हा भाग वेगळा. खुणेच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कुणाचा परवाना, चालू आहे की नाही, ते दिसतं. मी दुकानातच टाकून बघितला. दुसऱ्याच्या लेखातला संदर्भ मूळ लेख न उघडता आपल्या प्रबंधात चिकटवणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

आणि खूण म्हणजे पास की नापास, इतकंच. ती गुण सांगत नाही. ब्रिटनच्या सरकारने २००७ मध्ये 'शार्प' नावाची योजना काढली, तिथे आधीच मानक पास झालेल्या हेल्मेटांना पुन्हा आपटून एक ते पाच तारे देतात. पास झालेल्यांतही एक तारावाले आणि पाच तारावाले निघाले, आणि किंमत वाढली की तारे वाढतात असंही नाही.

किंमत ठरली. पैसे देण्याआधी मी हेल्मेट घालून पंधरा मिनिटं दुकानातल्या स्टुलावर बसून राहिलो. पायलट स्टडी. कपाळावर लाल वण उठतो का, चष्म्याच्या काड्या आत दाबतात का, घाम कुठे साचतो, हे पाच मिनिटांत कळत नाही. दुकानदाराने चहा मागवला, त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा हायवेने कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो. काच बंद केली की पहिल्याच सरीत वाफ धरत होती, एक फट उघडी ठेवली की ठीक. हॉर्न ऐकू येत होते. मान वळवून मागचं बघताना जुन्यापेक्षा थोडं जास्त वळावं लागत होतं. सगळं वहीत लिहिलं. प्रश्नावली शंभर जणांना वाटण्याआधी पाच जणांवर करून बघा असं गाईड सांगतात, तेव्हा ते हेच सांगत असतात.

टाके काढायला गेलो त्या दिवशी मी त्या डॉक्टरांना म्हणालो होतो, "त्या फॉर्ममध्ये एक दुरुस्ती करायची होती. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता." ते चांगले होते, वैतागले नाहीत. फॉर्म काढला, बघितला. म्हणाले, "याला चौकोनच नाही." मग त्यांनी समासात पेनने लिहिलं: पट्टा नव्हता. कॉम्प्युटरवर चढवताना कुणी समास वाचेल असं मला वाटत नाही. तुम्ही कधी दवाखान्याचा डेटा घेतलात, तर मूळ कागद बघायला मागा. मिळाले तर समास वाचा.

राहिली आई. ती मागे बसते, वडाळे तलावापर्यंत, बाजारात, क्वचित मामाकडे उरणला. "मला कशाला? मी काय चालवते का?" हे तिचं उत्तर ठरलेलं. मी तिला एकाच गाडीवरच्या जोड्यांचा अभ्यास समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्या जोड्यांतली उघड्या डोक्याची मी?"

रविवारी तिला त्याच दुकानात नेलं. टेप लावली तर तिचं डोकं माझ्यापेक्षा लहान, पण एकही हेल्मेट खाली उतरेना. आंबाडा. मोठं हेल्मेट चढलं असतं, दुकानदार तेच काढायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. आईने दुकानात इकडेतिकडे बघितलं, चार गिऱ्हाइकं होती, सगळे पुरुष. मग तिने एकेक काटा काढून माझ्या हातात दिला, केस मोकळे केले आणि मानेपाशी सैल वेणी घातली. दुकानदार म्हणाला, "मावशी, आता हे बघा," आणि लहान माप पुढे केलं. ते गालांना धरून बसलं. मी मागची कड पकडून ढकलली. जागचं हललं नाही.

घरी येताना उरण नाक्याला गाडी थांबली, तेव्हा मागून हात पुढे आला आणि माझ्या हनुवटीखाली चाचपून गेला.